वीट, रुमाल आणि १००६१

मराठी मुलखात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जी मोजकी वाक्ये म्हणीच्या पदाला पोचली, त्यांत ‘सर्व्हर डाऊन आहे’ या वाक्याचा मान फार वरचा आहे. म्हणीची सारी लक्षणे त्यात आढळतात, कारण ते आखूड आहे, त्याचा कर्ता अज्ञात आहे, ते कोणत्याही प्रसंगाला चालते आणि ते उच्चारले की समोरच्याला पुढे बोलायला जागा उरत नाही. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या जुन्या म्हणीतही दोष दुसऱ्यावरच जातो. परंतु अंगण निदान डोळ्यांना दिसते आणि ते वाकडे आहे की सरळ हे सुतळी धरून ठरवता येते. सर्व्हर मात्र बोलणाऱ्याने पाहिलेला नसतो, ऐकणाऱ्याने पाहिलेला नसतो, आणि पुष्कळदा तो मुळीच डाऊन नसतो. या एका वाक्याच्या पांघरुणाखाली किमान पाच वेगवेगळे आजार झोपलेले असतात, त्या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो आणि तो क्रमांक पडद्यावर छापूनही येतो. तो न वाचता खिडकी बंद करण्याची लोकरीत कशी पडली आणि ती मोडणे का इष्ट आहे, हा या विवेचनाचा विषय आहे.

अभ्यासक्षेत्र म्हणून येथे विठ्ठलवाडी निवडली आहे. मुंबईकडून येणारा लोहमार्ग कल्याणला दोन फाट्यांत विभागतो. एक फाटा शहाड-टिटवाळा करीत कसाऱ्याला जातो, तर दुसरा कर्जतकडे वळतो आणि या दुसऱ्या फाट्यावरचे कल्याणनंतरचे पहिले स्थानक म्हणजे विठ्ठलवाडी. लागूनच उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित जेथे उतरले त्या लष्करी कल्याण कॅम्पला ८ ऑगस्ट १९४९ रोजी हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी कॅम्पांचे क्रमांक आजही कायम आहेत. ‘कुठे राहता?’ या प्रश्नाला ‘चार नंबरला’ असे उत्तर येथे बिनदिक्कत दिले जाते आणि ऐकणाऱ्याला ते पुरते. ज्या परिसराने पत्ता आकड्यांत सांगण्याची सवय इतकी आधी लावून घेतली, तेथील दुकानदाराला संगणकाचा आकडी पत्ता अवघड वाटू नये अशी अपेक्षा होती. परंतु ती फळाला आलेली नाही.

या भागातल्या फर्निचरच्या, कापडाच्या किंवा हार्डवेअरच्या मध्यम दुकानाची संगणकीय रचना ठरलेली असते. पुढे गल्ल्यावर एक संगणक, मागे किंवा पोटमाळ्यावर दुसरा, आणि त्यांपैकी ज्यात हिशेबाचा सगळा साठा असतो त्याला ‘मेन मशीन’ म्हणण्याची प्रथा आहे, आणि म्हणीतला सर्व्हर तो हाच. बिले करण्याचा प्रोग्राम दोन्हींवर बसवलेला असतो. ब्राउझरमध्ये न उघडता संगणकावर कायमचा बसवून वापरायच्या अशा प्रोग्रामला डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन म्हणतात. गल्ल्यावरचा प्रोग्राम दर बिलागणिक मेन मशीनकडे विचारणा करतो, मेन मशीन उत्तर देते, आणि हे संभाषण सुरळीत चालू असेतोवर ते चालू आहे याची कोणालाही दखल नसते. घरातल्या गृहिणीच्या कामासारखेच ते थांबल्यावर दिसू लागते.

या संभाषणाच्या दोन्ही टोकांना जी जोडणीची जागा असते तिला सॉकेट असे नाव आहे. भिंतीवरच्या प्लगच्या खोबणीलाही हाच शब्द लावतात, त्यामुळे ‘सॉकेट एरर’ वाचून वायरमनला बोलावणाऱ्या दुकानदाराला हसणे अन्यायाचे होईल. नेटवर्कमधील सॉकेटचे टोक दोन गोष्टींनी निश्चित होते, एक यंत्राचा आकडी पत्ता आणि दुसरा पोर्ट क्रमांक. एस. टी. आगाराचे उदाहरण घेतल्यास आगाराचा पत्ता एकच असतो, पण आत चौकशीची खिडकी वेगळी, पासाची वेगळी आणि आरक्षणाची वेगळी असते. यंत्राच्या अशा खिडक्यांना पोर्ट म्हणतात, त्यांचे क्रमांक ० ते ६५५३५ असे असतात, आणि पासाच्या खिडकीवर आरक्षण मागितल्यास जे घडते तेच येथेही घडते. बहुतेक खिडक्या बंदच असतात, याही बाबतीत साम्य टिकून आहे.

पत्त्याबद्दल मात्र एक खबरदारी घ्यावी लागते. दुकानातल्या मेन मशीनचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.५ अशा धाटणीचा असतो आणि हा पत्ता खासगी वापरासाठी राखलेल्या गटातला असल्यामुळे तो भिवंडीच्या गोदामात असतो तसा बोस्टनच्या घरातही असतो. ‘मारुतीच्या देवळामागे’ हा पत्ता जसा प्रत्येक गावात असतो आणि फक्त त्या गावापुरताच खरा असतो, तसाच हा प्रकार आहे. नावाने हाक मारावी तरी घोटाळा टळत नाही, कारण एक विठ्ठलवाडी पुण्यात सिंहगड रस्त्यावरही आहे. म्हणून नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी स्वतंत्र व्यवस्था असते, तिला डीएनएस म्हणतात, आणि तिला नाव सापडले नाही तर पडद्यावर ११००१ हा क्रमांक येतो. त्याचा अर्थ सर्व्हर मेला असा नसून, या नावाचे येथे कोणी राहत नाही, एवढाच आहे.

पत्ता सापडल्यावर संभाषण सुरू होण्यापूर्वी एक शिष्टाचार पाळला जातो. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली मांडलेल्या आणि सप्टेंबर १९८१ मध्ये प्रमाण दस्तऐवजाच्या रूपाने पक्क्या झालेल्या टीसीपी या नियमावलीनुसार आधी येणारा विचारतो, ‘येऊ का?’, घरचा म्हणतो, ‘या, आणि माझे ऐकू येते ना?’, त्यावर येणारा म्हणतो, ‘येते, हा आलोच.’ ही तीन वाक्ये झाल्याखेरीज एक अक्षरही पुढे सरकत नाही. आत जो प्रोग्राम कान देऊन बसलेला असतो तो ‘लिसनिंग’ अवस्थेत आहे असे म्हणतात, आणि तो दुसऱ्या कामात असल्यास आलेल्यांना दारातच रांगेत उभे केले जाते. या रांगेचे सर्वांत जुने वर्णन संगणकशास्त्रात नसून पुंडलिकाच्या कथेत आहे. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दाराशी आलेल्या देवाला परत पाठवले नाही आणि आतही घेतले नाही, एक वीट फेकली व तिच्यावर थांबायला सांगितले. ज्या बर्कले प्रणालीचा कुलवृत्तान्त पुढे येईल, तिच्या सुरुवातीच्या काळात अशा विटा जास्तीत जास्त पाच असत. सहावा आला तर त्याची सोय नसे. फरक आहे तो थांबणाऱ्यात. आधुनिक प्रोग्राम बऱ्याचदा पंधरा सेकंद थांबून नाराजीचा फलक झळकावतो, तर विठ्ठलाने मुदत घातलेलीच नसल्यामुळे तो अठ्ठावीस युगे कमरेवर हात ठेवून उभा आहे. त्याच्या नावाच्या स्थानकापाशी दुकान असलेल्या माणसाला एकवीस सेकंद धीर धरवत नाही, हा काळाचा महिमा म्हणावा लागेल.

एकवीस हा आकडा येथे केवळ मोदकांच्या संख्येशी जुळतो म्हणून घेतलेला नाही, त्याचा खुलासा पुढे येईल. तत्पूर्वी चुकांच्या क्रमांकांचा कुलवृत्तान्त पाहणे आवश्यक आहे. सॉकेट ही कल्पना १९८३ साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या प्रणालीतून सर्वत्र पसरली आणि त्या घराण्यात नकाराचा क्रमांक ६१, वाट पाहून थकल्याचा ६०, मधेच तुटल्याचा ५४ आणि जागा आधीच घेतल्याचा ४८ असा होता. विंडोजसाठी विनसॉक नावाची नियमावली १९९२-९३ च्या सुमारास तयार झाली, तेव्हा तिने हे आकडे जसेच्या तसे उचलून त्यांत १०,००० मिळवले. त्यामुळे विठ्ठलवाडीच्या गल्ल्यावर आज दिसणारा १००६१ म्हणजे बर्कलेचा मूळ पुरुष ६१ असून, स्थलांतरानंतर त्याने पुढे भारदस्त आडनाव लावले आहे, एवढाच त्याचा इतिहास आहे.

या १००६१ च्या सोबत विंडोज जे इंग्रजी वाक्य छापते त्यात ‘अ‍ॅक्टिव्हली रिफ्यूज्ड’ असे शब्द येतात. सक्रिय नकार ही कल्पना मराठी मनाला काहीशी उद्धट वाटते. परंतु कल्याण स्थानकाबाहेर रिक्षा शोधणाऱ्याला तिचे मोल तत्काळ कळते. जो रिक्षावाला मान हलवून ‘नाही जाणार’ म्हणतो, त्याने तीन गोष्टी फुकट कळवलेल्या असतात, की रिक्षा येथे आहे, त्याला ऐकू आले आहे आणि त्याला तिकडे जायचे नाही. १००६१ नेमके हेच सांगतो. तार शाबूत आहे, यंत्रांना एकमेकांशी जोडणारा राऊटर शाबूत आहे, त्या पत्त्यावर एक जिवंत यंत्र आहे, फक्त मागितलेल्या खिडकीमागे कोणी बसलेले नाही. हा नकारही प्रोग्रामने दिलेला नसतो, तो तर जागेवरच नसतो. यंत्राची मूळ कार्यप्रणाली पहारेकऱ्याच्या नात्याने परस्पर तसे कळवते. अशा वेळी राऊटर बंद-चालू करणे म्हणजे आरक्षणाची खिडकी बंद दिसली म्हणून आगारासमोरचा रस्ता खणून पाहण्यासारखे आहे.

नकाराच्या दोन जाती येथे विशेष आढळतात. पहिलीत प्रोग्रामच्या मांडणीत पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ हा शब्द राहून गेलेला असतो. लोकलहोस्ट, म्हणजेच १२७.०.०.१, हा ‘स्वतःचेच घर’ या अर्थाचा पत्ता आहे. मेन मशीनवर तो बरोबर चालतो, आणि म्हणूनच प्रोग्राम बसवणारा मुलगा ‘माझ्याकडे तर चालतंय’ असे छातीठोकपणे सांगून निघून जातो. गल्ल्यावरचा संगणक मात्र त्याच शब्दाचा अर्थ ‘गल्ला’ असा लावतो, स्वतःचेच दार ठोठावतो आणि आत कोणी नाही अशी तक्रार पडद्यावर लावतो.

दुसरी जात अधिक करुण आहे. दुकानातला राऊटर यंत्रांना पत्ते कायमचे न देता मुदतीवर वाटतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. रात्री वीज जाते, सकाळी येते, यंत्रे ज्या क्रमाने जागी होतात त्या क्रमाने पत्ते वाटले जाण्याचा संभव निर्माण होतो, आणि काल १९२.१६८.१.५ वर असलेले मेन मशीन आज १९२.१६८.१.७ वर सापडते. पाचवर कोण आले असेल तर प्रिंटर. गल्ल्यावरचा प्रोग्राम सवयीने पाचलाच हाक मारतो आणि मार्चअखेरची खातेवही मागतो. प्रिंटर बिचारा प्रामाणिक असतो, ज्या कामाची आपली नेमणूक नाही ते करण्याचा आव तो आणत नाही आणि विनम्रपणे १००६१ परत पाठवतो. याच्यावर उपाय म्हणजे मेन मशीनला राऊटरमध्ये एक पत्ता राखून देणे, हे पाच मिनिटांचे काम आहे. प्रत्यक्षात ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असा निर्णय होतो आणि तो मेन मशीनबद्दल होतो; ज्याच्यामुळे सारे घडले तो प्रिंटर बिले छापत राहतो.

नकारापेक्षा मौन वाईट, हे तत्त्व १००६० या क्रमांकावरून शिकता येते. लग्नाच्या बोलण्यांत ‘पत्रिका जुळत नाही’ हे उत्तर आले की वधुपिता दुसऱ्या दिवशी दुसरे स्थळ पाहू लागतो. ‘कळवतो’ हे उत्तर आले की घरात दोन महिने फोन वाजला की सगळे एकदम उठतात. टीसीपी हा असाच आशावादी वधुपिता आहे. विंडोजच्या जुन्या रिवाजाप्रमाणे तो पहिली विचारणा करतो, तीन सेकंद थांबतो, पुन्हा विचारतो आणि सहा सेकंद थांबतो, तिसऱ्यांदा विचारतो आणि बारा सेकंद थांबतो. या साऱ्याची बेरीज एकवीस होते, आणि तेवढ्यानंतर तो १००६० लिहून बसतो. मौनाची कारणे अनेक असू शकतात. यंत्र बंद असेल, तार निघाली असेल, पत्ता कोणाचाच नसेल, किंवा फायरवॉल असेल.

फायरवॉल म्हणजे यंत्राच्या दाराशी बसलेला वॉचमन, जो यादीत नाव नसलेल्याला आत सोडत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा उपद्रवी प्रोग्राम १३५ क्रमांकाच्या पोर्टातून जगभरच्या विंडोज यंत्रांत शिरला. पुढच्याच ऑगस्टमध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून हा वॉचमन न मागता कामावर रुजू झाला. त्याचा स्वभाव असा, की तो नको असलेल्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणत नाही, ऐकूच आले नाही असे दाखवतो. चोराला घर आहे की नाही हेही कळू नये, असा त्यामागचा हेतू आहे. परंतु त्याच न्यायाने मालकाच्या गल्ल्यालाही एकवीस सेकंद भिंतीकडे पाहत बसावे लागते. त्यामुळे विंडोजवर खिडकी रिकामी असली तरी वॉचमनच्या कृपेने १००६१ च्या ऐवजी १००६० दिसू शकतो, हा अपवाद निदान करणाऱ्याने ध्यानात ठेवावा. वॉचमनला कायमची सुट्टी देणे हा यावरचा लोकप्रिय उपाय आहे, आणि ज्याने तो केला त्याला पुढच्या पत्रव्यवहारासाठी विषय कमी पडत नाहीत. योग्य उपाय म्हणजे त्याच्या यादीत त्या एका प्रोग्रामचे नाव घालणे.

१००५४ हा क्रमांक जुळलेले संभाषण मधेच तोडल्याचा आहे, म्हणजे रिक्षात बसवून अर्ध्या वाटेत उतरवण्याचा. समोरचा प्रोग्राम कोसळला किंवा कोणी बंद केला की तो येतो. वीज गेली तर मात्र निरोप द्यायलाही कोणी उरत नाही आणि दुसऱ्या टोकाला आपण एकटेच फोन धरून बसलो आहोत याचा पत्ता नसतो. ‘आहात ना?’ असे विचारण्याची सोय टीसीपीत आहे, पण विंडोजने ती वापरलीच तर मूळ मांडणीत दोन तासांच्या शांततेनंतर वापरते. एवढ्या सहनशीलतेचा नमुना फोनवर बोलणाऱ्या काही ज्येष्ठ नातेवाइकांतच आढळतो.

उरला १००४८. ज्या पोर्टावर बसायचे तेथे आधीच दुसरा प्रोग्राम बसला आहे, असा त्याचा अर्थ. एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत ज्याने पाहिली आहे त्याला अधिक सांगणे नको. यातही एक खोच आहे. कधी कधी जागा धरणारा उतरून गेलेला असतो आणि रुमाल तेवढा राहतो. टीसीपीत निरोप घ्यायला चार निरोप लागतात, ‘येतो’, ‘बरं’, ‘मीही आत जातो’, ‘बरं’, आणि शेवटचे ‘बरं’ पोचले की नाही या शंकेने एक बाजू काही मिनिटे दारातच थांबते. या अवस्थेला टाइम-वेट म्हणतात. मराठी पाहुणा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो आणि चपला घालून झाल्यावर खऱ्या गप्पांना सुरुवात करतो, हे पाहता या नियमावलीचे कर्ते मराठी नव्हते यावर विश्वास बसत नाही. मेन मशीनवरचा प्रोग्राम बंद करून लगोलग सुरू केल्यास काही वेळा जागा अडलेली दिसते ती या दारातल्या गप्पांमुळे. चहा पिऊन आल्यावर ती मोकळी झालेली असते, आणि श्रेय चहा आणणाऱ्या मुलाला मिळते.

निदानाचा क्रम यावरून आपोआप ठरतो. आधी मेन मशीनवर जाऊन त्याचा आजचा पत्ता पाहावा. मग गल्ल्यावरून त्या पत्त्याला ‘पिंग’ करावे. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेल्या या छोट्या प्रोग्रामाचे नाव पाणबुडीच्या ध्वनिशोधक यंत्राच्या आवाजावरून पडले आहे. उत्तर आले तर यंत्र जिवंत आहे. आले नाही तर लगेच सुतक धरू नये, कारण वॉचमन पिंगलाही गप्प बसवू शकतो. त्यानंतर मेन मशीनवर काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा ए-एन-ओ या तीन अक्षरांसह चालवावी. एकाखाली एक ओळी येतात, त्यांत प्रोग्रामचा पोर्ट क्रमांक शोधावा आणि त्यापुढे ‘लिसनिंग’ आहे का ते पाहावे. ओळच नसेल तर प्रोग्राम सुरू नाही. ओळ असून पत्ता १२७.०.०.१ असेल तर तो फक्त घरच्यांचे ऐकतो आहे. पत्ता ०.०.०.० असेल तर तो सर्वांचे ऐकायला तयार आहे आणि दोष वॉचमनचा असण्याचा संभव मोठा. ओळीच्या शेवटी येणारा आकडा रुमाल कोणाचा हे सांगतो. टास्क मॅनेजरमध्ये तो जुळवला की मालक सापडतो. या साऱ्याला दहा मिनिटे लागतात आणि खर्च काही येत नाही, बहुधा याच कारणाने या पद्धतीचा प्रसार झालेला नाही.

विठ्ठलवाडीला जायला निघालेला माणूस चुकून कसाऱ्याच्या गाडीत बसला आणि शहाडला उतरला, तर विठ्ठलवाडी बंद पडली असे तो म्हणत नाही. फलक वाचतो, कल्याणला परत येतो आणि कर्जतकडची गाडी धरतो. गल्ल्यावर बसणाऱ्याकडून अपेक्षा याहून अधिक नाही. ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे गिऱ्हाइकाला सांगण्यापूर्वी त्याने पडद्यावरचा पाच आकडी क्रमांक बिलाच्या पाठीवर लिहून ठेवावा, आणि कॉम्प्युटरवाल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा तो कागद द्यावा. यंत्राला फॉरमॅट मारल्यावर तो क्रमांकही जातो, आणि प्रिंटर पाचवरच राहतो.